कांदा डोळ्यांत पाणी का आणतो?

मोटारींच्या कारखान्यांमुळे चाकणचे नाव आज देशभर झाले असले, तरी खेड तालुक्यातील शेतकऱ्यास चाकण म्हटले की प्रथम कांद्याचा बाजारच आठवतो. या नित्याच्या कांद्याचे काही गुण नवलाचे आहेत. ते समजून घेतल्यास चाळीतील नासही कमी करता येते.

अखंड कांदा डोळ्यांस झोंबत नाही. चिरला म्हणजे झोंबतो. कांद्याच्या पेशीत एक गंधकयुक्त द्रव्य आणि त्यावर क्रिया करणारे विकर ही दोन्ही निरनिराळ्या कप्प्यांत असतात. विळीने पेशी फुटली की ती एकत्र येतात व काही क्षणांतच एक उडून जाणारे द्रव्य तयार होते. ते डोळ्यांस लागताच आग होते आणि ते धुऊन काढण्यासाठी पाणी येते. हे झोंबणारे द्रव्य घडविणारे आणखी एक स्वतंत्र विकर कांद्यात असते, हे जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले. विळीस चांगली धार असल्यास पेशी कमी चेंगरतात व डोळ्यांस त्रासही कमी होतो. हा तिखटपणा म्हणजे किडींपासून बचाव करण्याचे कांद्याचे शस्त्रच होय.

दुसरे संरक्षण वरच्या वाळलेल्या पापुद्र्यांचे. रंगीत कांद्याच्या पापुद्र्यांत कॅटेकॉलसारखी बुरशीरोधक द्रव्ये असतात. पांढऱ्या कांद्यात ती फारशी नसल्याने त्यावर काही बुरशींचे काळे डाग सहज पडतात.

चाळीतील कांदा जिवंत असतो. तो श्वासोच्छ्वास करतो व त्याबरोबर उष्णता आणि ओलावा बाहेर टाकतो. गारव्यात कांदा नेहमीच अधिक टिकतो, असे मात्र नाही. २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णतामानात त्याचा कोंब बहुधा निद्रिस्त राहतो; १० ते २० अंशांत तो लवकर जागा होतो. शून्य अंशाच्या आसपास मात्र तो पुन्हा दबून राहतो.

यावरून शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सुमारे निम्म्या झाडांच्या माना पडल्यावर काढणी करावी. त्यापूर्वी दोन आठवडे पाणी तोडावे.

२. काढलेला कांदा पातीसह शेतात ३ ते ५ दिवस सुकवावा. एका ओळीतील कांदे दुसऱ्या ओळीच्या पातीने झाकले जातील, अशा रीतीने तो पसरावा.

३. पात कापताना २ ते २.५ सेंटिमीटर मान राखावी. नंतर १० ते १२ दिवस सावलीत सुकवावा. उघडी वा ओली मान म्हणजे बुरशीस मोकळी वाटच होय.

४. कांदा उंचावरून टाकू नये. आपटलेल्या कांद्याच्या पेशी फुटतात आणि नास तेथूनच सुरू होते. जोड, डेंगळे आलेला व इजा झालेला माल वेगळा काढून आधी विकावा.

५. चाळीचा तळ जमिनीपासून उंच व हवेशीर असावा. थर दीड मीटरपेक्षा उंच करू नये.

राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने साठवणीस योग्य असे भीमा शक्ती व भीमा किरण हे रब्बी वाण विकसित केले आहेत. तथापि वाण कितीही चांगला असला, तरी काढणीपासून चाळीपर्यंत कांद्याचे अंग अभंग व मान कोरडी राखणे हे शेतकऱ्याच्याच हाती आहे. भाव येईपर्यंत माल टिकणे बहुतांशी यावरच अवलंबून असते.