दंड तेव्हा पालकांना होता

शाळेतून बोलावणं आलं की तुमच्या पोटात गोळा येतो, हे मला ठाऊक आहे. फी राहिली असेल, पोरानं काही उपद्व्याप केला असेल, असं मनाशी घोकत आपण हेडमास्तरांच्या खोलीबाहेर हात बांधून उभे राहतो. आपल्या बडोद्यात या भीतीला इतिहासही आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू करून पाहिलं आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलींनासुद्धा! गोखल्यांनी बडोद्याचा दाखला देत 1911 मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात तसंच बिल आणलं, तर पुढच्या वर्षी ते नामंजूर झालं. इंग्रजांना न जमलेलं महाराजांनी करून दाखवलं, याचा अभिमान आपण मिरवतो. पण त्या कायद्यात मूल शाळेत आलं नाही तर दंड आईबापाला होता.

आता गणित उलटलं आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश मिळेल, ते शाळेत टिकेल आणि आठवीपर्यंत शिकेल, हे पाहण्याचं बंधन सरकारवर आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा तुमची मुलाखत घेतली, तर शाळेला पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि त्यानंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तरी ‘आईबाबा दोघांनी यायचं, इंग्रजी बोलता येतं ना?’ असं विचारलं की आपण इस्त्रीचे कपडे काढतो.

जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जुन्या शाळेची एल.सी. आली नाही म्हणूनही सरकारी किंवा अनुदानित शाळेला मुलाला ताटकळत ठेवता येत नाही, उलट एल.सी. द्यायला उशीर करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. बिनअनुदानित खासगी शाळेत पहिलीच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या असतात. तिथं आपल्या पोराला घेतलं, तर शाळेनं उपकार केले असं मानू नका. त्याची फी सरकार ठरलेल्या दरानं शाळेला भरून देतं.

आता जरा आयांशी बोलते. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत मूल असेल, तर तिथं शाळा व्यवस्थापन समिती असते. सगळे तिला एस.एम.सी. म्हणतात. तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका. शाळेच्या विकासाचा आराखडा करायचा, आलेलं अनुदान कुठं गेलं ते बघायचं, हे तिचं काम. प्रत्यक्षात काय होतं? रजिस्टर पुढं सरकतं, ‘बेन, इथं सही करा,’ आणि चहा येतो. घरी वाण्याचं बिल दोनदा तपासणाऱ्या आपण इथं न वाचता सही ठोकतो. यापुढं सहीआधी एवढंच विचारा: यंदा किती पैसे आले, आणि मुलींच्या संडासाला पाणी का नाही?

तक्रार तोंडी करू नका. तोंडी तक्रार दुपारपर्यंत विरून जाते. साध्या कागदावर तारीख घालून लिहा, दोन प्रती करा, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घेऊन ती घरी आणा. गुजराती लिहिताना हात अडखळत असेल, तर आपलाच सातवी-आठवीतला मुलगा लिहून देईल. लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे गेली, की तुमचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो. तो पटला नाही तर पुढं राज्याच्या बालहक्क आयोगाकडे अपील आहे.

तुमच्या मनातली खरी शंका वेगळी आहे, हेही कळतं: ‘आपण बोलायचो, आणि बाई राग पोरावर काढायच्या.’ ही भीती खोटी नाही. मारणं आणि मानसिक छळ दोन्ही कायद्यानं बंद आहेत, पण एकट्या आईला एवढ्यानं धीर येत नाही. म्हणून एकटीनं जाऊच नका. वर्गातल्या चार-पाच घरांनी मिळून एकच अर्ज करावा, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि मुलांची नावं कुठंच नकोत.