माथा की पुणे?

कोलकात्याच्या न्यू टाउनमधील सपाट रस्त्यांवर सायकल चालविणाऱ्यास चढाचा धडा मिळत नाही. त्यासाठी मुंबई-पुणे सायकल शर्यतीने प्रसिद्ध केलेला बोरघाट विचारात घ्यावा. खोपोलीपर्यंत हौशी स्वारही घोळक्यात वेगाने जातो. पुढच्याच्या पाठीशी राहिल्याने वाऱ्याचा विरोध पुष्कळ कमी होतो, आणि नवख्यास ते आपलेच बळ वाटते! खोपोलीनंतर मात्र रस्ता सुमारे १५ किलोमीटरांत ५०० मीटरांहून अधिक चढतो. वेग मंदावला की तो आडोसा फारसा उपयोगी पडत नाही. आपल्या देहाचे ओझे ज्याचे त्यानेच वर न्यावयाचे असते. म्हणून पायथ्याशीच हलका गिअर घ्यावा, श्वास सांभाळावा आणि निसटून पुढे जाणाऱ्याच्या मागे लागू नये. मोह मोठा आहे, कारण माथा प्रथम गाठणाऱ्यास या शर्यतीत ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवीत आले आहेत. हा मान काही लहान नव्हे. परंतु लोणावळ्यापासून पुणे अजून ६० किलोमीटरांहून दूर असते. तेथे वारा पुन्हा आडवा येतो आणि दमलेल्या एकट्या राजाला मागचा घोळका, आळीपाळीने पुढे होत, सहज गाठू शकतो.