मेंदूला करंट द्यायच्या आधी

पॅरालिसिसचा झटका येऊन काही महिने लोटलेली १९९ माणसं. अमेरिकेतल्या १२ केंद्रांत त्यांच्या डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरली गेली. काहींना खरी, काहींना तशीच दिसणारी खोटी. आपली कोणती, हे पेशंटला ठाऊक नव्हतं. प्रत्येक सिटिंगमध्ये सगळ्यांकडून सारखेच, तासभर, हाताचे व्यायाम करून घेतले. सहा महिन्यांनी मोजमाप झालं, तेव्हा खऱ्या कॉइलच्या गटात ६७ टक्के लोकांचा हात लक्षात येण्याइतका सुधारला होता. खोट्या कॉइलच्या गटात ६५ टक्क्यांचा.

'निश' नावाची ही चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. मेंदूला उत्तेजन देऊन लुळा हात चालता करू, असं सांगणाऱ्या क्लिनिकमध्ये पैसे भरण्याआधी प्रत्येक कुटुंबाने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. दोन्ही गटांतली माणसं सुधारली, आणि दोन्ही गटांत समान होता तो व्यायाम.

माझ्या आत्याच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली आणि पहिल्या तीन महिन्यांत खांदा हलू लागला, कोपर वाकू लागलं. मग सुधारणा मंदावली. तसं बहुतेकांचं होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत मेंदू आपणहून बरंच सावरतो आणि पुढे एकेका हालचालीसाठी झगडावं लागतं. नेमक्या याच टप्प्यावर घरचे कासावीस होतात. आतेभावाला कुणीतरी शहरातलं एक क्लिनिक सुचवलं. तिथे 'झोपलेल्या पेशी जाग्या करू' असं सांगून पॅकेजचे पैसे आगाऊ घेतले गेले.

मी एका सिटिंगला सोबत गेलो होतो. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज रबरी पट्ट्याने आत्याच्या डोक्याला बांधले. पाणी तिच्या कानामागून ओघळत होतं. मशीन सुरू करून मुलगा बाहेर गेला, तो वेळ संपल्यावरच आला. तेवढा वेळ आत्याचा उजवा हात पदराखाली मांडीवर मूठ मिटून पडलेला. तो कुणी उघडलाही नाही. फीट कधी आली होती का, डोक्यात किंवा छातीत काही धातूचं बसवलंय का, हे कुणी विचारलं नाही. रिक्षा आणि पॅकेज परवडावं म्हणून घरचा फिजिओ तोवर बंद झालेला. पॅकेज संपलं तेव्हा खांदा आखडला होता आणि मूठ आधीपेक्षा घट्ट झाली होती.

यामागचं शास्त्र मात्र पोकळ नाही. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी कवटी न उघडता, नुसत्या चुंबकीय स्पंदाने हात हलवून दाखवला. २००० साली जर्मनीत ग्योटिंगेनला नित्शे आणि पाउलुस यांनी स्पंजातून अगदी सौम्य वीज देऊन मेंदूच्या हालचाल-केंद्राची उत्तेजनक्षमता थोडा वेळ वाढवता किंवा कमी करता येते, हे सिद्ध केलं. ही वीज एक-दोन मिलिअँपियरची असते. पेशींना ती पेटवत नाही, फक्त तयारीत ठेवते. तयारीत असलेल्या पेशींना काम दिलं नाही, तर ती तयारी तशीच विरते. म्हणून पेशंटला नुसतं खुर्चीत बसवून ठेवणं हे या उपचाराच्या मूळ तर्कालाच सोडून आहे.

व्यायामाची जोड दिली तरी काय होतं, हेही तपासून झालं आहे. 'ट्रान्सपोर्ट-२' या अमेरिकी चाचणीत १२९ पेशंटचे तीन गट केले: एकाला शून्य, एकाला दोन, एकाला चार मिलिअँपियर. चांगला हात मिटनमध्ये अडकवून लुळ्या हाताकडूनच कामं करून घ्यायची, ही थेरपी तिन्ही गटांना दिली. २०२५ मध्ये निकाल आला. वीज सुरक्षित ठरली, पण गटांत फरक दिसला नाही. छोट्या अभ्यासांत फायदा दिसतो आणि मोठ्या, काटेकोर चाचणीत तो सापडत नाही, असं या क्षेत्रात वारंवार झालं आहे. त्याआधी कवटीखाली इलेक्ट्रोड बसवण्याची 'एव्हरेस्ट' चाचणीही अशीच अपेक्षेला उतरली नव्हती.

आशेला जागा आहे, आणि ती कुठे आहे ते नीट सांगायला हवं. मानेतल्या व्हेगस नसेला तार जोडून, छातीत पेसमेकरसारखं यंत्र बसवून केलेल्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. झटक्याला किमान नऊ महिने झालेले १०८ पेशंट. पेशंट हालचाल करू लागला की थेरपिस्ट त्याच क्षणी बटण दाबतो आणि अर्ध्या सेकंदाचा स्पंद जातो. सहा आठवड्यांच्या थेरपीअखेर फुगल-मायर या ६६ गुणांच्या हाताच्या परीक्षेत यंत्र सुरू असलेल्या गटाने सरासरी ५ गुण कमावले, बंद असलेल्या गटाने २.४. अमेरिकेच्या एफडीएने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मान्यता दिली. क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये लहान मेंदूतल्या एका केंद्रात इलेक्ट्रोड बसवून १२ जणांवर प्रयोग झाला, त्यातले ९ सुधारले. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. या दोन्हींत ऑपरेशन आहे आणि दोन्हींत व्यायाम चुकत नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या चुंबकीय कॉइलचा एक चांगला उपयोग आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर यांनी झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच हात कितपत परतेल याचा अंदाज बांधण्याची पद्धत बसवली. हातात अगदीच कमी ताकद असेल तर चुंबकीय स्पंद देऊन मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे का, हे बघतात. सुमारे तीन चतुर्थांश पेशंटच्या बाबतीत अंदाज बरोबर येतो. घरच्यांना खोटी आशा देण्यापेक्षा हे मला कितीतरी माणुसकीचं वाटतं.

म्हणून क्लिनिकमध्ये गेलात तर स्पष्ट विचारा: मशीन लावताना किंवा लावल्यावर लगेच हाताकडून कोणतं काम करून घेणार, कोण घेणार आणि किती वेळ? सुरुवातीला आणि शेवटी मोजमाप लिहून देणार का? 'फरक जाणवेल' हे मोजमाप नव्हे. फुगल-मायरचे गुण कागदावर मागा. फीट येत असेल, डोक्यात क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, पेसमेकर असेल, तर ते आपणहून सांगा. चुंबकीय स्पंदाने क्वचित फीट येऊ शकते, आणि स्पंज कोरडा पडला तर कातडी भाजते. ऑनलाइन मिळणारी मशीनं तर घरी आणूच नका.

'हे संशोधन आहे' असं कुणी म्हणालं तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. संशोधनातल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घेऊ नयेत, असं आयसीएमआरची नीतितत्त्वं सांगतात. पैसेही मागतात आणि संशोधनही म्हणतात, तिथून उठून या.

आत्याचा फिजिओ पुन्हा सुरू झाला. गॅलरीतल्या दोरीवर कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. अंगठा आणि तर्जनीत चिमटा दाबला जाईना, तेव्हा थेरपिस्टने जुना, स्प्रिंग ढिली झालेला चिमटा शोधून दिला. तो जमल्यावर नवा. आज आत्या उजव्या हाताने पेला धरते, कुकरचं झाकण दाबून ठेवते. वेणी घालता येत नाही.

घरच्यांनी स्वतःच व्यायाम घ्यावेत म्हणजे झालं, असंही नाही. भारतातल्या १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंटवर ती कल्पना 'अटेंड' चाचणीत तपासली गेली, आणि २०१७ च्या निकालात नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फायदा निघाला नाही. शिकलेल्या थेरपिस्टचा हात लागतोच. तेव्हा पैसे मोजायचेच असतील, तर आधी तिच्या फीसाठी मोजा आणि कुठल्याही मशीनपायी तिचं येणं बंद करू नका.