उथळ छाप आणि झीज : नाणे पारखण्याचा एक धडा

गव्हाच्या ढिगातील मूठभर दाणे तळहातावर घेतले की, सुरकुतलेला दाणा कोणता आणि भुंग्याने पोखरलेला कोणता, हे आम्हांस तत्काळ कळते. पहिला शेतातच भरला नाही. दुसरा भरला, परंतु कोठारात बिघडला. चाळीस वर्षे धान्यात हा भेद करीत असूनही नाण्याच्या बाबतीत तो आमच्या ध्यानी आला नाही, आणि त्याचा तोटा दुसऱ्यास सोसावा लागला. सदस्यबंधूंच्या घरोघरी जुने रुपये जपलेले आहेत. त्यांच्याकडून ही चूक न व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

काही वर्षांपूर्वी एका दिवंगत सोबत्याच्या पत्नी राणीछापाचे एकोणीस रुपये घेऊन आमच्या पेढीवर आल्या. "भावजी, तुम्ही सांगाल तोच भाव," असे त्या म्हणाल्या. आम्ही प्रत्येक रुपया तोलून वजन वहीत टिपले. १८६२ सालच्या एका रुपयावर राणीच्या वस्त्रावरील वेलबुट्टी सपाट दिसली. "वहिनी, हा झिजला आहे," असे सांगून आम्ही तो चांदीच्या भावाने विकविला. पुढे तोच रुपया, कडेवरील खुणेवरून ओळखून, एका संग्राहकाकडे पाहिला. चलनात न फिरलेले नाणे म्हणून त्यांनी तो कित्येक पट किंमत देऊन घेतला होता.

आमची चूक कोठे झाली, हे कळण्यास नाणे कसे घडते ते पाहिले पाहिजे. चांदीची कोरी चकती दोन ठशांमध्ये ठेवून दाबतात. ठशात चित्र खोलगट कोरलेले असते व दाबाखाली धातू त्या खळग्यांत शिरतो. दाब अपुरा पडला, तर सर्वांत खोल खळगे पुरते भरत नाहीत. ठशातील हे खोल खळगे म्हणजेच नाण्यावरील उंच भाग, आणि हाताळणीत प्रथम झिजतात तेही उंच भागच. म्हणून जन्माचा दोष आणि वयाचा दोष एकाच जागी दिसतात व पाहणारा फसतो.

भेद ओळखण्याच्या तीन कसोट्या आहेत. पहिली झळाळीची. एका दिव्याखाली नाणे हळूहळू कलवावे. छाप उथळ असेल, तर सपाट जागेवरही मूळची चमक टिकलेली दिसते, किंवा कोऱ्या चकतीवरील बारीक ओरखडे तेथे शिल्लक असतात. झिजलेली जागा गुळगुळीत, निस्तेज व भोवतालापेक्षा वेगळ्या रंगाची असते. दुसरी कसोटी पाठच्या जागेची. एका बाजूचा मोठा उठाव भरण्यास धातू तिकडे जातो आणि नेमक्या पाठीमागची नक्षी अपुरी राहू शकते. तिसरी कसोटी वजनाची. १८३५ च्या कायद्याने रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, ठरले. १८६२ च्या रुपयाचेही तेच. झिजेने वजन घटते, उथळ छापेने घटत नाही. केवळ वजनावर निवाडा करू नये; परंतु साक्ष म्हणून ते मोलाचे आहे.

हे यंत्राच्या नाण्यांविषयी झाले. आमच्या इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीतील हातघडणीच्या रुपयांस दुसरी दृष्टी हवी. त्यांवर सूर्यमुख असते. तेथे ठसा मोठा व चकती लहान असल्याने काही अक्षरे कडेबाहेर राहतात. ती झीज नव्हे. घाव तिरका बसला, तर एका अंगाची अक्षरे खोल व दुसऱ्या अंगाची पुसट उमटतात. सूर्यमुख, टांकसाळीचे नाव व साल यांपैकी काय चकतीवर आले, हे तेथे पाहावे. सराफांनी चांदी तपासण्यासाठी मारलेल्या खुणा मात्र नंतरच्या. त्या छापेच्या दोषांत धरू नयेत.

अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडलेली १ ते ७० अंकांची मोजपट्टी आता सर्वत्र रूढ आहे. तथापि एका अंकात सर्व काही सामावत नाही. जतन कसे आणि छाप कशी, या दोन गोष्टी स्वतंत्र लिहाव्यात. उथळ छापेमुळे किंमत थोडी उतरते, हेही गिऱ्हाइकापासून लपवू नये. आणि चिंच किंवा राख लावून नाणे कधीही घासू नये. झळाळी गेली की पहिली कसोटीच नाहीशी होते.

घरी येऊन आम्ही जुनी वही उघडली. त्या रुपयापुढे आमच्याच हाताने ११.६५ ग्रॅम लिहिलेले होते; उरलेले अठराही त्याहून हलके होते. तराजूने खरे सांगितले होते, वाचणारा चुकला होता. फरकाची रक्कम आम्ही वहिनींकडे पोचती केली. त्या घेईनात, तेव्हा त्यांच्यापुढे वही ठेवली आणि तो आकडा दाखविला.