टीबीच्या जंतूची वही कशी वाचतात?



समजा, एकाच गल्लीतल्या दोघींना टीबी झाला. दोघींना सारख्याच गोळ्या सुरू झाल्या. एक सहा महिन्यांत ठणठणीत झाली. दुसरीचा खोकला तिसऱ्या महिन्यातही थांबेना, वजन उतरतच राहिलं. गल्ली लगेच म्हणते, "हिनंच गोळ्या टाळल्या असतील." कधी तसं असतंही. पण कधी कधी ती बाई एकही गोळी चुकवत नाही आणि तरी औषध लागू पडत नाही, कारण तिच्या छातीत शिरलेला जंतूच वेगळा असतो. हा वेगळेपणा कसा ओळखतात, आणि त्यात आपलं काम काय, हे या पाठात समजून घेऊ.

जंतूची वही

गटाची नोंदवही उघडली की गटाचा सगळा इतिहास कळतो. प्रत्येक जिवाच्या पेशीतही अशीच एक वही असते. तिला जनुकसंच किंवा जिनोम म्हणतात. ही वही फक्त चार अक्षरांत लिहिलेली असते: ए, सी, जी आणि टी. माणसाच्या वहीत सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत, टीबीच्या जंतूच्या वहीत सुमारे ४४ लाख.

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला. म्हणून २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. पण त्याची वही पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून व्हायला १९९८ साल उजाडलं. अशा वाचनाला 'जिनोम सिक्वेन्सिंग' म्हणतात.

चूक एका अक्षराची

जंतू वाढतो म्हणजे एकाचे दोन होतात. दर वेळी सगळी वही उतरवून काढावी लागते आणि उतरवताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी काहीच बिघडत नाही. पण एखादी चूक नेमकी अशा जागी होते की त्या जंतूवर औषध चालत नाही.

आपल्या कपाशीवरची गुलाबी बोंडअळी आठवा. बीटी कपाशी आली तेव्हा अळी मरत होती. त्यातून ज्या थोड्या वाचल्या त्यांचीच पिलावळ वाढली, आणि पुढे त्याच कपाशीत अळी खुशाल राहू लागली. टीबीचं तसंच आहे. गोळ्या सुरू झाल्यावर दुबळे जंतू आधी मरतात. दीड-दोन महिन्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, बाई शेतात जायला लागते. तिथे गोळ्या सोडल्या, किंवा मनाने एखादंच औषध घेतलं, तर चिवट जंतू मागे उरतात आणि पुढे तेच वाढतात. म्हणूनच साध्या टीबीतही पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं एकत्र देतात. एकातून सुटलेला जंतू दुसऱ्यात सापडावा, हा त्यामागचा हिशेब.

असा चिवट जंतू खोकल्यातून दुसऱ्याला लागला, तर त्या माणसाला पहिल्या दिवसापासूनच चिवट टीबी होतो. त्यानं आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतलेली नसली तरी! देशात २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या सरकारी सर्वेक्षणात, आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी नव्या रुग्णांत शंभरात सुमारे ३ जणांना आढळला. आधी उपचार झालेल्यांत तो शंभरात सुमारे १२ जणांना होता. तेव्हा "हिनंच गोळ्या टाळल्या" असं म्हणण्याआधी थांबायला हवं.

मुंबईनं काय शिकवलं

२०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला त्यांचा टीबी दाद देत नव्हता. त्यातल्या बहुतेकांनी वेगवेगळ्या खाजगी डॉक्टरांकडून कधी हे, कधी ते असं औषध घेतलं होतं. देशभर खळबळ उडाली. मे २०१२ पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक झालं.

पुढे मुंबईतल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेनं परदेशातल्या संशोधकांबरोबर मुंबई परिसरातल्या रुग्णांचे जंतू घेऊन त्यांच्या वह्या वाचल्या. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. टीबीच्या जंतूचीही घराणी असतात. दक्षिण भारतात एक घराणं जास्त, उत्तर भारतात दुसरं. मुंबईत देशभरातून माणसं येतात, तशी जंतूंची घराणीही एकत्र आली आहेत. चिवट टीबीमध्ये पूर्व आशियाई नावाच्या घराण्याच्या काही शाखा जोरात पसरताना दिसल्या, आणि त्यांच्यावर क्विनोलोन गटातली औषधंही चालत नव्हती.

याचा आपल्याशी काय संबंध? चिवट टीबीसाठी २०२४ मध्ये आपल्या देशानं चार औषधांचा सहा महिन्यांचा नवा उपचार मंजूर केला. आधी हा उपचार दीड-पावणेदोन वर्षं चालायचा. या चारांतलं एक औषध, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्विनोलोन गटातलंच आहे. जंतूवर ते चालणार नसेल तर ते वगळून उपचार ठरवावा लागतो. म्हणजे वहीतली ती ओळ आधी वाचली तर बाईच्या पोटात बिनकामाचं औषध जात नाही आणि तिचे महिने वाया जात नाहीत.

आणि मुंबई लांब नाही. धाडच्या आसपासच्या गावांतून छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबईला कामाला जाणारी माणसं आहेत, सणावाराला ती घरी येतात. जंतू श्वासाबरोबर प्रवास करतो. यात कामाला गेलेल्याचा दोष नाही. परत आल्यावर खोकला राहिला तर त्याची तपासणी व्हावी, एवढंच.

रोजच्या तपासणीत किती वाचतात?

सरकारी दवाखान्यामार्फत बेडक्याची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी होते. ट्रूनॅट हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं आहे. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला मान्यता दिली. सीबीनॅट सुमारे दोन तासांत सांगतं की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का. त्यासाठी ते ४४ लाखांपैकी फक्त ८१ अक्षरांचा एक तुकडा तपासतं. जणू सगळी वही न चाळता थकबाकीचं एकच पान उघडून बघावं.

सिक्वेन्सिंगमध्ये सगळी वही वाचली जाते. एकाच वेळी अनेक औषधांबद्दल कळतं. टीबीच्या वहीत दोन वर्षांत साधारण एखादंच अक्षर बदलतं. म्हणून दोन रुग्णांच्या वह्या जवळजवळ सारख्या निघाल्या, तर संसर्ग एकाच साखळीतला आहे हेही समजतं. अडचण अशी की त्यासाठी बहुतेक वेळा जंतू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. तो फार सावकाश वाढतो, त्यात काही आठवडे जातात. म्हणून प्रत्येक रुग्णासाठी ही तपासणी अजून होत नाही. पण देशभरातल्या जंतूंच्या हजारो वह्या वाचण्याचं काम केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये हाती घेतलं आहे. कोणत्या भागात कोणती चूक पसरली आहे हे कळलं, तर त्या भागासाठी तपासण्या आणि औषधं ठरवता येतात.

सुरुवात आपल्या बेडक्यापासून

यंत्र कितीही मोठं असलं तरी डबीत नुसती थुंकी गेली तर त्याला जंतू सापडत नाही. बाया चारचौघांत खाकरायला लाजतात आणि तोंडातली लाळ देऊन येतात. पाकिस्तानात रावळपिंडीला झालेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बेडका कसा काढायचा हे नीट समजावून सांगितल्यावर जास्त बायांचा टीबी पकडला गेला. म्हणून एवढं करा:

• सकाळी उठल्यावर चूळ भरा. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभ्या राहा.
• दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, मग छातीतून जोरानं खोका. घट्ट, चिकट बेडका डबीत घ्या. झाकण घट्ट लावून लवकरात लवकर दवाखान्यात पोचवा.
• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त, यातलं काहीही असेल तर तपासणी करा.
• "औषध चालतं की नाही याची तपासणी झाली का?" हे डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा. तो तुमचा हक्क आहे.
• बरं वाटलं तरी गोळ्या मनानं बंद करू नका. मळमळ, कावीळ, डोळ्यांना कमी दिसणं असा त्रास झाला तर लगेच दवाखान्यात सांगा.

तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये बँक खात्यात मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. माहितीसाठी मोफत फोन क्रमांक १८००-११-६६६६.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात किंवा शेजारी दोन आठवड्यांहून जास्त खोकणारं कोणी आहे का? तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाईल?
२. गोळ्या चालू असलेल्या बाईला उचल हवी असेल किंवा तिचा हप्ता थकला असेल, तर गट काय करू शकतो?
३. टीबी झाल्याचं कळल्यावर सुनेला माहेरी पाठवणं, तिचं ताट-वाटी वेगळं काढणं असं आपल्या गावात होतं का? टीबी ताट-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. हे सासूबाईंना कोण समजावेल?

तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. वाळीत टाकतील या भीतीनं बाई खोकला लपवते. लपवलेल्या खोकल्याचा बेडका कोणत्याच यंत्रापर्यंत पोचत नाही, आणि तोवर घरातली लेकरं तीच हवा घेत असतात.