पिन बसली का?

कशेळ्याच्या वाड्यांवर भातखाचरं लहान. तिथे छोटा ट्रॅक्टरच वळतो. त्याच्या पुढच्या लोडरला बकेट लावून शेणखत उचलायचे, ती काढून काटे लावून पेंढा उचलायचा. झटपट जोडणीमुळे ही अदलाबदल काही मिनिटांत होते.

पण तरुणांना मी पहिला धडा देतो तो पिनांचा. भोकात चिखल असेल तर पिन अर्धीच जाते. म्हणून इंजिन बंद करून खाली उतरा, दोन्ही पिना आरपार गेल्या का ते डोळ्यांनी पाहा. मग बकेटची कड जमिनीवर दाबा. सुटायची असेल तर तिथेच सुटेल. मागे वजन लावा, नाहीतर ओझ्याने मागची चाके उचलतात. उचललेल्या बकेटखाली कोणीही जाऊ नये.

यंत्रासाठी देणगी देताना शिकवणीचाही विचार करा.