इसब आणि वर्गातील मूल

पावसाळा सरून हवा कोरडी पडू लागली, की वर्गात एखाददुसरे मूल असे आढळते, की ज्याची बोटे सदा कोपराच्या घडीत किंवा गुडघ्यामागे असतात. शिक्षक रागावतात, मूल क्षणभर हात आवरते आणि पुन्हा खाजवू लागते. प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या आरंभी अशाच एका मुलीस, इतरांना लागण होईल या समजुतीने, बसकरपट्टीच्या टोकाला वेगळे बसविले होते. तिला झाला होता तो इसब, आणि इसब एकापासून दुसऱ्यास होत नाही. हे कळेपर्यंत तिचे वर्ष एकटीने बसण्यात गेले.

निदान करणे हे डॉक्टरांचे काम होय. तथापि शिक्षकास ढोबळ ओळख असावी. खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती येते, रात्री फार खाजते आणि घरातील इतरांनाही बहुधा असते. नायटा वर्तुळाकार पसरतो. त्याची कडा उठून दिसते व मध्यभाग निवळलेला असतो. हे दोन्ही सांसर्गिक आहेत. इसब तान्ह्या मुलांत गालांवर आणि पुढे हातापायांच्या घड्यांत दिसतो. त्वचा कोरडी, खरबरीत, कधी लसणारी असते. अशा मुलाच्या घरात पुष्कळदा कोणास तरी दमा असतो.

‘रक्त बिघडले’ ही समजूत निराधार आहे. इसबात त्वचेचा बाहेरील थर दुबळा असतो. ओलावा टिकत नाही व दाहक पदार्थ आत शिरतात. कित्येक रुग्णांत हा दुबळेपणा उपजत असतो, हे २००६ साली सिद्ध झाले. तरीही पालक प्रथम वांगे, मग दही, मग अंडी बंद करतात. काही मुलांस विशिष्ट अन्न बाधते हे खरे. परंतु डॉक्टरांनी सांगितल्यावाचून वाढत्या मुलाचे ताट रिकामे करू नये.

उपचाराचा पाया म्हणजे स्निग्धता. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, सौम्य साबण, आणि अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावणे. हे दिवसातून दोनतीनदा, खाज नसतानाही करावयाचे असते. येथेच बहुतेक घरे कंटाळतात. रॉकेल, फिनेल, लिंबाचा रस यांनी मात्र त्वचा भाजते.

दाह वाढल्यावर स्टेरॉइड मलम लागते. १९५२ साली सल्झबर्गर व विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचा बाह्य उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून हे मुख्य औषध आहे. मलम चेहऱ्यास सौम्य व जाड कातडीस तीव्र, आणि सांगितले तितकेच दिवस लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंतची मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते व बोटांसह दोन पंजांइतक्या जागेस पुरते. भीतीपोटी अगदीच थोडे लावले तर गुण येत नाही. महिनोगणती लावले तर त्वचा पातळ होते. पापण्यांसारख्या नाजूक जागी डॉक्टर टॅक्रोलिमस देतात. हट्टी इसबावर प्रकाशोपचार व इंजेक्शनेही आता आहेत. ती तज्ज्ञांच्या हाती.

खरा धोका दुकानातून आणलेल्या मिश्र मलमांचा. त्यांत तीव्र स्टेरॉइड असते. नायट्यावर ते लावले तर खाज थांबते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून स्टेरॉइड मलमे विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तो किती पाळला जातो हे आपण जाणतोच.

पिवळी खपली धरली, पू झाला, किंवा तापाबरोबर दुखऱ्या बारीक फोडांचे पुंजके उठले, तर मुलास त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

वर्गात करावयाचे थोडे आहे. फळ्यावरील खडूची धूळ अंगावर येणार नाही अशी जागा, लोकरीच्या स्वेटरखाली सुती सदरा, कापलेली नखे, आणि खेळानंतर हातपाय धुऊन तेल लावण्याची मुभा. रात्री खाजेने झोप न झालेले मूल वर्गात पेंगते, हेही ध्यानी घ्यावे.

२०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा अशा मुलांची यादी तयार ठेवावी. पथक येण्यास अवकाश असल्यास पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. सोबतच्या चिठ्ठीत नुसते ‘त्वचारोग’ असे न लिहिता खाज कोठे, किती दिवसांपासून, झोप लागते काय, हे नमूद करावे. आणि आजवर लावलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूब बरोबर द्याव्या.